उघडी खाच

हसा, हसा. समर्थ, तू तर मनसोक्त हस. उद्या मुलाखतीत विचारलं कोणी, भुतं असतात का, तर दे ठोकून 'नाही सर' म्हणून. मी काही तुझी मुलाखत घ्यायला बसलेलो नाही. माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये काय झालं तेवढं सांगतो, आणि ज्याच्या बाबतीत झालं त्याच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो. अक्षता, तो हीटर जरा माझ्या पायांकडे सरकव. आणि बाल्कनीचं दार लाव बाई, बाहेरचा सगळा धूर आत येतोय.

विश्वास देवकुळे तुम्हाला माहीत आहे. जिन्यात भेटला की तुम्ही 'नमस्कार काका' म्हणता आणि तो नुसती मान हलवतो, तोच. मूळचा साताऱ्याचा. अख्खी नोकरी इथल्या, दिल्लीतल्या एका सरकारी संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत केली. जुन्या धातूच्या वस्तू साफ करायच्या, त्यांचा गंज थांबवायचा, हे त्याचं काम. हात असा की बघत राहावं. आणि नियमाचा पक्का. वस्तूत जे आहे ते राखायचं, जे नाही ते आपण घालायचं नाही. कमंडलूला पोचा आलेला असेल तर तो पोचासुद्धा राखायचा. तुमच्या या शशिकांतकाकाने मंत्रालयात उभा जन्म फायली सरकवल्या, पण असा एक नियम काही त्याला पाळता आला नाही.

त्याला दोन मुलं. थोरला सुजय, धाकटी अपूर्वा. सुजय फरीदाबादच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. एके रात्री मोटरसायकलवरून परत येताना समोरून, उलट्या बाजूने, एक भली मोठी गाडी आली. सुजय जागेवर गेला. गाडी चालवत होता प्रतीक खुराना, बड्या बापाचा मुलगा, फरीदाबादेतच राहणारा. पिऊन टर्र होता. खटला चालला, साक्षीदार एकेक करून फिरले आणि प्रतीक सुटला. सुटला त्या दिवशी कोर्टाच्या दारात मित्रांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि पेढे वाटले. एक पेढा विश्वासच्या हातावरही पडला. देणाऱ्याला हा कोण ते माहीतच नव्हतं.

तेव्हापासून दर महिन्याला, सुजय गेला त्या तारखेला, विश्वास मेट्रो पकडायचा. मंडी हाऊसला गाडी बदलून फरीदाबाद. तिथे खुरानांच्या घरासमोर चहाची टपरी आहे, तिथे उभा राहायचा आणि परत यायचा. हेमलतावहिनी, म्हणजे त्याची बायको, सगळं जाणून होत्या. डबा भरून द्यायच्या, विचारायच्या काही नाहीत. मीच एकदा विचारलं, "काय करतोस रे तिथे जाऊन?"

म्हणाला, "बघतो. त्याचं लग्न झालं. पोर झालं. तो गाडी धुतो, हसतो, पोराला खांद्यावर घेतो. ते सगळं बघतो."

असो. आता मूळ गोष्ट.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी. विश्वास निवृत्त झाला होता, पण जुन्या वस्तूंचे व्यापारी त्याला कामं द्यायचे. धनत्रयोदशीला चड्ढाचा फोन आला. हा चड्ढा ग्रेटर कैलाशच्या एका तळघरात दुकान थाटून बसलेला, तोंडाने गोड माणूस. "देवकुळे साहब, एक चीज़ आई है. यमन की है. आप बस देख जाइए." यमन म्हणजे आपलं येमेन. वहिनींनी येताना तेल-उटणं आणायला सांगितलं होतं. त्याच पिशवीत काकडीच्या कापांचा डबा घेऊन विश्वास निघाला.

ती तलवार होती. अरबी, बाकदार, पातं काळसर. मुठीजवळ लोहाराचा ठसा. लहानसा चौकोन, त्याची चार घरं, आणि बाजूला विळ्यासारखी दातेरी रेघ. असे ठसे विश्वासने नोकरीत पुष्कळ पाहिले होते. पण पात्याच्या पाठीवर, म्हणजे धारेच्या उलट बाजूला, एका ओळीत बारीक खाचा होत्या, आणि प्रत्येक खाच पितळेने भरलेली. भरलेल्या प्रत्येक खाचेशेजारी तोच लोहाराचा ठसा, अगदी तांदळाच्या कणीएवढा. शेवटची एकच खाच रिकामी होती. तिच्याशेजारी ठसा नव्हता.

चड्ढाने सांगितलं ते असं. ही तलवार ज्या घराण्याची, त्यांच्यातला एखादा पुरुष मारला गेला की ते तलवार घेऊन लोहाराच्या घरी जायचे. खाच लोहारच पाडणार, दुसरं कोणी नाही. मग बदला घेतला, रक्ताच्या बदल्यात रक्त मिळालं, की पुन्हा त्याच लोहाराच्या घरी. तो पात्यावरचं रक्त डोळ्यांनी बघणार, खाच पितळेने भरणार आणि शेजारी आपला ठसा ठोकणार. ठसा म्हणजे त्याची साक्ष. हे रक्त फिटलं, मी पाहिलं.

"और ये आख़िरी वाली?" विश्वासने विचारलं.

"नहीं मिला होगा बदला. ख़ानदान ख़त्म हो गया, क्या पता." चड्ढाने खांदे उडवले. "बात ये है साहब, गुडगाँव वाले मेहरा जी ले रहे हैं, उनको पूरी चाहिए. कहते हैं अधूरी लगती है. आप भर दो, और छोटा सा निशान ठोक दो बगल में. आपके हाथ का काम कोई पकड़ नहीं सकता."

"गंज काढून देतो. भरायचं माझ्याकडून होणार नाही," असं विश्वासने हिंदीत सांगितलं. "वो निशान लोहार की गवाही है. मैं कैसे दूँ?"

"लोहार को मरे ज़माना हो गया, साहब. शिकायत करने आएगा क्या?"

तरी विश्वास नाहीच म्हणाला. तलवार मलमलीत गुंडाळून तो घरी घेऊन आला, फक्त साफ करायला. सगळी दिवाळी बाल्कनीतल्या त्याच्या टेबलावर ती पडून होती. गंज निघत गेला तशी ती शेवटची खाच जास्तच डोळ्यांत भरायला लागली. एकदा मी फराळाचं ताट घेऊन गेलो तर हा तिच्यावर बोट ठेवून बसलेला. मी हाक मारली तरी ओ नाही. चिडलो मी. चकल्या ठेवल्या आणि परत आलो.

मग आली भाऊबीज. भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात, हे तुला ठाऊक आहे अक्षता. अपूर्वा संध्याकाळी तबक घेऊन बाल्कनीत गेली. पण दिल्लीतल्या दिवाळीनंतरच्या हवेत चंद्र कुठला दिसायला? फटाक्यांचा धूर, शेतात पेंढा जाळतात त्या पराळीचा धूर, सगळं आभाळ राखेसारखं. बीजेची कोर, ती टिकते तरी किती वेळ.

"बाबा, चंद्र कुठेय?"

"असेल तिकडेच कुठेतरी, त्या टॉवरच्या मागे. तू ओवाळ."

त्या पोरीने धुराला ओवाळलं. मग तबक टेबलावर ठेवलं, तलवारीशेजारीच, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. रडणं ऐकू येऊ नये म्हणून. पण आमच्या सोसायटीच्या भिंती त्या केवढ्या? मलाही ऐकू आलं.

विश्वास तिथेच उभा होता. समोर ती रिकामी खाच. त्याच्याच शब्दांत सांगतो. "शशिकांतराव, मला ती बघवेना. माझी तर भरणार नाही कधी. म्हटलं, निदान ही तरी भरू दे. कोणाची तरी फिटली असं दिसू दे." आणि जन्मभर जे केलं नाही ते त्याने केलं. पितळेची तार खाचेत ठोकून बसवली, कानशीने सपाट केली. पोलादी खिळ्याचं टोक कोरून लोहाराचा ठसा बनवला. खिळा पात्यावर धरला आणि हातोडीचा एक घाव घातला. टक्.

मला राग येतो अजून त्याचा. इतका जाणता माणूस! चोरी परवडली, पण खोटी साक्ष? ज्याच्या स्वतःच्या पोराच्या खटल्यात खोट्या साक्षींनी माती केली, त्याने?

त्या रात्री मात्र त्याला कधी नव्हे ती सपाटून भूक लागली. पोटभर जेवला. तलवार मलमलीत गुंडाळून हॉलमधल्या टेबलावर ठेवली. अपूर्वा हॉलमध्येच दिवाणावर झोपली होती, तिच्या खोलीत पाहुण्यांच्या गाद्या रचलेल्या होत्या म्हणून. वहिनी आत झोपल्या. सगळीकडे सामसूम.

त्याला जाग आली ती वासाने. तापलेल्या लोखंडावर पाणी ओतलं की वास येतो ना, तसा. त्याला वाटलं गॅस राहिला. उठून हॉलमध्ये आला.

मलमल उलगडलेली होती. नीट घडी घालून बाजूला ठेवलेली.

टेबलाशी कोणीतरी जमिनीवर बसलं होतं. पाठमोरं. माणूस उंच असावा, बसूनही टेबलाच्या बरंच वर डोकं येत होतं. अंगावर मळकं काहीतरी. तलवार त्याच्या मांडीवर होती. आणि त्याचा अंगठा पात्याच्या पाठीवरून फिरत होता. सावकाश. एका खाचेवर थांबायचा... पुढे सरकायचा. पुन्हा थांबायचा. जपाची माळ ओढावी तसा.

विश्वास दाराशीच उभा राहून बघत होता. 

अंगठा शेवटच्या खाचेवर आला. थांबला. पितळेवर घासला. पुन्हा घासला... मग त्या माणसाने अंगठा तोंडाकडे नेला. चाखून बघितला.

आणि मागे वळला.

चेहरा कसा होता, हे विश्वासने मला कधीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, गळा उघडा होता. एका कानापासून... दुसऱ्या कानापर्यंत. आणि रक्त नव्हतं. एक थेंब नव्हता. सुकून गेलेलं, कधीच.

त्याने हात पुढे केला. उघडा तळवा. मागतो तसा.

शब्द एक नाही. पण विश्वासला कळलं. ठशाने सांगितलं होतं, रक्त फिटलं. म्हणून हा, त्या शेवटच्या खाचेचा मेलेला, आला होता. इतक्या वर्षांनी... आपलं फिटलेलं बघायला. आणि पितळेला रक्ताची चव नव्हती. मग कुठे आहे ते? कोणाचं?

विश्वास टेबलाकडे धावला. खणातून छिन्नी काढली. त्या माणसाच्या मांडीवरच्या पात्यावर टेकवली, पितळ उकरायला लागला. त्या उघड्या गळ्यातून हातांवर गार वारा लागत होता. छिन्नी घसरली. पुन्हा लावली. घसरली. मऊ तार ती, संध्याकाळी नखाने वाकत होती... आता ओरखडा उठेना. "माफ करो," तो म्हणत होता. "गलती हुई. निकाल देता हूँ. माफ करो..." मग मराठीतच. चुकलो. चुकलो.

तो माणूस उठला. तलवार घेऊन. विश्वासकडे बघतही नव्हता आता.

दिवाणाकडे गेला.

अपूर्वा कुशीवर झोपलेली. केस उशीवर. त्याने पातं तिच्या मानेवर टेकवलं. हळूच... माप घ्यावं तसं. पोरीला जाग नाही. मानेवर एक लाल रेघ उमटली. दोऱ्याएवढी.

आणि तो थांबला. मान वळवून पुन्हा विश्वासकडे पाहिलं. तळवा पुढे.

हिचं?

...

दे रे समर्थ, पाणी दे जरा. नाही, मला काही झालेलं नाही.

मी विश्वासला विचारलं होतं पुढे. म्हटलं, तू बाप ना? तू स्वतःचं नाव का नाही सांगितलंस? तो मग म्हणाला, "माझं नाव जिभेवर आलं होतं, शशिकांतराव. देवाशपथ आलं होतं. पण त्याच्या आधी दुसरं निघालं. आणि ते निघायला मला हवंच होतं."

त्या तळव्यापुढे तो म्हणाला, "प्रतीक."

पत्ता सांगितला. गल्ली. कोपऱ्यावरचं घर. चहाच्या टपरीसमोर. वरच्या मजल्यावर, डावीकडची खिडकी. एकेक गोष्ट सांगितली, त्याला ते घर तोंडपाठ होतं. सांगताना त्याचा आवाज कापला नाही, हेही त्यानेच मला सांगितलं.

त्या माणसाने पातं उचललं.

दार उघडल्याचा आवाज झाला नाही. वास तेवढा विरत गेला.

पहाटे दूधवाल्याने बेल मारली तेव्हा विश्वास दिवाणाशी जमिनीवर बसलेला होता. तलवार टेबलावर, मलमलीत गुंडाळलेली. अपूर्वा उठली, मान चोळत म्हणाली, "बाबा, चेनमुळे काहीतरी खरचटलंय वाटतं."

दुपारपर्यंत बातमी आली. प्रतीक खुराना स्वतःच्या खोलीत मेलेला सापडला. दाराला आतून कडी. बायको शेजारी झोपलेली, तिला कळलंही नाही. गळा... जाऊ दे. अक्षता जेवली नाहीये अजून.

पोलीस आले विश्वासकडे, येणारच. टपरीवाल्याने सांगितलं होतं, हा माणूस दर महिन्याला येऊन उभा राहतो. पण आपल्या गेटवरचा कॅमेरा आहे, लिफ्टमधला आहे. रात्रभर हा घराबाहेर पडलाच नव्हता. पोलिसांनी मलाही विचारलं. जे होतं ते मी सांगितलं. ते चहा पिऊन गेले.

पोलीस गेल्यावर हेमलतावहिनी स्वयंपाकघरात गेल्या. सुजय गेल्यापासून त्या घरात गोड शिजलं नव्हतं, दिवाळीचा फराळही आमच्याकडून जायचा. त्यांनी शिरा केला. भरपूर तूप, वर बदाम. वाटी घेऊन माझ्याकडे आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "भावजी, घ्या. देव आहे." मी खाल्ला. विश्वासनेही खाल्ला, मागून घेऊन खाल्ला. त्याला आनंद झाला होता, हे त्याने माझ्यापासून लपवलं नाही. मीसुद्धा म्हटलं, बरं झालं, मेला. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी तलवार चड्ढाला परत द्यायला काढली तेव्हा मी तिथे होतो. शेवटच्या खाचेतलं पितळ काळंतांबूस पडलं होतं. आणि शेजारचा ठसा, कालच ठोकलेला, बाकीच्या ठशांसारखाच जुना दिसत होता. विश्वासने भिंग लावलं, दिवा लावला, उलटून पालटून पाहिलं. स्वतःच्या हातचं काम त्याला ओळखता येईना. चड्ढा मात्र खूश झाला. "देवकुळे साहब, कमाल कर दिया." तलवार गुडगावला गेली. पुढे तिचं काय झालं ते मला माहीत नाही.

पुढच्या महिन्यात ती तारीख आली तसा विश्वास फरीदाबादला गेला. का गेलास म्हटलं, तर म्हणे सवय. टपरीच्या पलीकडे लांब उभा राहिला. खुरानांचं घर बंद-बंद होतं. एक बाई पांढऱ्या ओढणीत पायरीवर बसली होती. आणि फाटकाचे गज धरून तिचं पोर उभं होतं. प्रतीकचं. नुकतंच पाय फुटलेलं, दीड-दोन वर्षांचं. रस्त्याला इतकी माणसं... पण ते विश्वासकडेच बघत होतं. रडत नव्हतं, हसत नव्हतं. बघत होतं. मग त्याने गजांतून हात बाहेर काढला. उघडा तळवा.

लहान पोरं सगळ्यांपुढेच हात करतात, मी म्हटलं त्याला. बिस्किट हवं असेल.

तो घरी आला तेव्हा लिफ्ट बंद होती, जिन्याने चढला. किल्ली लावायला वाकला आणि तसाच राहिला. त्याच्या लोखंडी जाळीच्या दाराच्या कडेला, मांडीएवढ्या उंचीवर, एक खाच पडली होती. नवी. आत लोखंड लखलखत होतं. त्याने मला हाक मारून दाखवली. असं कापायला लोखंड कापायची करवत लागते, आणि दिवसभर वहिनी घरात होत्या. त्यांनी काही ऐकलं नव्हतं.

वेल्डरला बोलावून त्याने ती भरून घेतली. सकाळी पुन्हा उघडी. दारच बदललं. नव्या दारालाही आठवड्यात तिथेच खाच. इथल्या पावसात सगळी जाळी गंजली, पण तिच्या आत गंजाचा ठिपका नाही. रक्ताची फेड आता आपल्या घरावर आली म्हणून शेवटी विश्वासने अपूर्वाला पुण्याला मावशीकडे धाडलं. नोकरी तिकडे बघ म्हणाला. दिवाळीलासुद्धा येऊ देत नाही. पोर फोनवर रडते, माझं काय चुकलं विचारते, आणि हा फोन वहिनींच्या हातात देतो.

समर्थ, आता का हसत नाहीस? म्हणशील, खाचच तर आहे. मीही तेच म्हणत होतो. परवाच्या भाऊबीजेपर्यंत.

परवा संध्याकाळी मी कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आलो. विश्वास त्याच्या दाराशी उभा होता, जिन्यातला दिवा लावून. मी विचारलं काय रे, तर त्याने बोट दाखवलं. मी वाकून मांडीशी बघायला लागलो. तिथे नव्हती. तिथली पट्टी सलग होती, जशी काही कधी कापलीच नव्हती. खाच वर सरकली होती. माझ्या कमरेच्याही वर.

"शशिकांतराव," तो म्हणाला, "फरीदाबादचं ते पोर आता केवढं झालं असेल हो?"

 त्याने हात आडवा केला, आपण लेकरांची उंची दाखवतो तसा, आणि त्या खाचेशी नेऊन धरला. मग आत गेला आणि कडी लावली.